काळा पडदा, पांढरे चौकोन

आमच्या उत्रोलीत पावसाळ्यात लाईट गेली तर कुणी उठूनही बघत नाही. भाटघर धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे, तरी आमची ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार ही म्हण कुणी भोरकरानेच केली असावी. गेल्या आषाढात मात्र उलटं झालं. लाईट आली आणि अंधार राहिला. म्हणजे घरातले दिवे लागले, पंखा फिरला, फ्रीज गुरगुरला, पण जिन्याखाली ठेवलेल्या आमच्या 'सर्व्हर'चा पडदा काळाच.

सर्व्हर म्हटल्यावर दचकू नका मंडळी. आमच्या ह्यांचा जुना कॉम्प्युटर अडगळीत पडला होता. माझा भाचा, म्हणजे आमच्या वन्संचा मुलगा, पुण्यात ह्याच क्षेत्रात नोकरी करतो. त्याने त्यात मोठी डिस्क घातली, विंडोज काढून लिनक्स बसवलं (त्यातलं डेबियन नावाचं) आणि घरातल्या सगळ्या मोबाईलवरून त्यावरचे फोटो नि गाणी दिसतील-ऐकू येतील अशी सोय करून दिली. खरं तर अशा यंत्राला पडदा लागतच नाही म्हणे. पण काळ्या पाटीवर इंग्रजीत आज्ञा लिहीत बसायची माझी तयारी नव्हती. पस्तीस वर्षं काळ्या फळ्यावर लिहिलं, आता पुरे! म्हणून त्याने खास माझ्यासाठी चित्रांचा पडदा बसवला. फोल्डरांची चित्रं, त्याखाली मराठी नावं, मागे आमच्या अंगणातल्या जास्वंदीचा फोटो.

आता त्या यंत्रात काय आहे ते सांगते, नाहीतर एवढी घालमेल कशाला झाली ते कळायचं नाही. शाळेचे फोटो आहेत, पण त्यांच्या प्रती इतरांकडेही आहेत. ज्याची प्रत कुठेच नाही ते म्हणजे आमच्या सासूबाईंच्या ओव्या.

सासूबाईंना अक्षर ओळखत नव्हतं. सही म्हणून अंगठा. पण जात्यावर बसल्या की तासभर एक ओवी दुसऱ्यांदा येत नसे. १९९४ ते १९९६ ह्या काळात मी शाळेतून आल्यावर कॅसेट लावून त्या ध्वनिमुद्रित केल्या. एकूण ३८ कॅसेटी. तोवर घरात पिठाच्या गिरणीचंच पीठ येत होतं, पण जात्याशिवाय त्यांना आठवायचंच नाही. "नुसतं बसून कसं गं येईल, हाताला काम पाहिजे" म्हणायच्या. म्हणून मूठभर नाचणी घेऊन बसायचो. त्या १९९९ साली गेल्या.

ही कल्पना माझी नव्हे. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर ह्या दोघांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं काम ऐंशीच्या दशकात सुरू केलं, त्याबद्दल मी ऐकलं होतं. त्यांच्या संग्रहात १ लाखाहून जास्त ओव्या झाल्या. बर्नार्ड बेल ह्या संगीत आणि संगणक दोन्ही जाणणाऱ्या गृहस्थांनी त्या ओव्या संगणकात नीट लावण्याचं काम केलं, आणि २०१७ पासून 'परी' ह्या संकेतस्थळावर त्या क्रमाक्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यांचा समुद्र, माझी घागर. पण घागर घरची आहे.

तर पडदा काळा. अगदी निर्जीव मात्र नव्हता. बटण दाबल्यावर आधी यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं नाव चमकलं, मग इंग्रजी ओळी सरसर वर गेल्या, आणि मग काळोख. डाव्या हाताला वरच्या कोपऱ्यात एक लहानशी आडवी रेघ लुकलुकत होती, बस्स. मी वायरी हलवल्या, मॉनिटर बदलून पाहिला, बंद करून चालू केला. आमचे हे म्हणाले, "थोपटून बघ, रेडिओ तसाच लागायचा." शेवटी भाच्याला फोन.

"मामी, घाबरू नको. यंत्र जिवंत आहे, फक्त त्याचं तोंड दिसत नाहीये."

हे वाक्य मला तेव्हा धीर देण्यापुरतं वाटलं. पण नंतर त्याच्याकडून आणि पुस्तकांतून समजून घेतलं तेव्हा कळलं की ते अक्षरशः खरं आहे आणि त्यामागे चांगला चाळीस वर्षांचा इतिहास आहे.

आपण विंडोजवर वाढलेली माणसं. आपल्याला पडदा म्हणजेच कॉम्प्युटर वाटतो. लिनक्स ज्या युनिक्स घराण्यातलं, त्या घराण्यात तसं नाही. तिथे चित्र काढणारा हा एक वेगळा नोकर आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९८४ साली बॉब शाइफलर आणि जिम गेटिस ह्यांनी 'एक्स' नावाची प्रणाली सुरू केली. आधी स्टॅनफर्डची 'डब्ल्यू' नावाची होती, तिच्यावरून पुढचं अक्षर. (नाव ठेवण्यात ह्या लोकांनी फार डोकं घातलेलं दिसत नाही. बारशाला आत्या नसावी.) १९८७ साली तिची ११वी आवृत्ती आली आणि पुढची कित्येक वर्षं तीच चालली. मूळ यंत्रणा आपली कामं करत राहणार, आणि एक्स फक्त चौकटी, चित्रं, उंदीर हलला तर बाण हलवणं एवढं बघणार. स्वयंपाकघर वेगळं, वाढपी वेगळा. वाढपी आजारी पडला म्हणून चूल विझत नाही.

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स ह्या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्स जाहीर केलं, आणि थोड्याच दिवसांत घरगुती कॉम्प्युटरसाठी फुकट मिळणारं एक्सही त्यावर आलं. तेव्हा पडदा काळा राहणं ही नित्याची गोष्ट होती म्हणे. मॉनिटर किती वेगाने रेघा ओढू शकतो ते आकडे माणसाला स्वतः एका फायलीत लिहावे लागत. चुकले तर अंधार, आणि फारच चुकले तर जुना काचेचा मॉनिटर कायमचा बिघडू शकेल अशी ताकीद माहितीपुस्तिकांतून असायची. पुढे यंत्र हे आकडे मॉनिटरलाच विचारू लागलं. २००९ साली तर पडद्याची मापं ठरवण्याचं काम लिनक्सच्या गाभ्याने स्वतःकडे घेतलं, आधी इंटेलच्या चिपांसाठी आणि मग इतरांसाठी.

भाच्याचा पहिला संशय ह्याच गाभ्यावर होता. त्याने मला फोनवर सांगितलं, यंत्र सुरू होताना जी यादी दिसते तिथे 'ई' दाब, अमुक ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द लिही. म्हणजे गाभ्याला सांगायचं, बाबा, मापं काढू नकोस, साधंच चित्र दाखव. मी लिहिला. पुन्हा काळोख. हे मुद्दाम सांगते, कारण दुरुस्तीच्या गोष्टी सांगताना लोक पहिला चुकलेला अंदाज गाळतात.

"बरं," तो म्हणाला, "आता कंट्रोल, ऑल्ट आणि एफ दोन, तिन्ही एकदम दाब."

आणि मंडळी, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली! यंत्राचं नाव आणि पुढे 'लॉगिन'. म्हणजे अंधाराच्या मागे इतका वेळ कुणीतरी दार उघडून उभं होतं. लिनक्समध्ये अशी चित्राविना पाटी नेहमी तयार ठेवलेली असते. पूर्वी मोठ्या यंत्राला टेलिप्रिंटरसारखी टंकयंत्रं जोडलेली असत, त्यांची ही वारसदार. चित्र काढणारा मेला तरी ही पाटी राहते. मी नाव लिहिलं, पासवर्ड लिहिला, आत गेले. भाच्याने सांगितलं तसं ओव्यांच्या फोल्डरात जाऊन यादी मागितली.

यादी आली ती अशी: पांढरे चौकोन, चौकोन, चौकोन, मध्येच एखादा आकडा, मग पुन्हा चौकोन. ३८ ओळी चौकोनांच्या.

माझ्या पोटात खड्डा पडला. फायलींना मी मोठ्या हौसेने मराठी नावं दिली होती. 'दळण - पहिली पहाट', 'माहेरच्या ओव्या', 'भावाच्या ओव्या', 'सीतेच्या ओव्या'. त्या जागी हे चौकोन. मला वाटलं झालं, लाईट गेली तेव्हा सगळं पुसलं गेलं.

"नाही गं मामी. त्या पाटीला मराठी येत नाही, एवढंच."

ह्या वाक्यावर मी नंतर बरेच दिवस विचार करत होते. इतकी वर्षं मराठी शिकवली त्या बाईला ते लागणारच ना! का येत नाही?

ही पाटी मुळात ८० अक्षरं रुंद असायची. ८० का, तर पत्र्याच्या यंत्रांत घालायच्या भोकं पाडलेल्या कार्डांवर ८० उभे रकाने असत, आणि ते कार्ड आयबीएमने १९२८ साली काढलं. आमच्या भाटघरचं लॉइड धरणही १९२८ सालीच पुरं झालं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण आमच्याकडे कुठलंही साल निघालं की धरणाशी ताडून बघायची सवय आहे. तर कार्ड गेलं, रकाने राहिले. १९८१ साली आयबीएमचा घरगुती कॉम्प्युटर आला. त्याच्या पडद्याच्या भागात अक्षरांचे छाप आधीच कोरून ठेवलेले होते, बरोबर २५६. १९८७ साली व्हीजीए नावाचा नवा प्रकार आला, त्यात छाप बदलता येत आणि ओढूनताणून ५१२ पर्यंत नेता येत. लिनक्सची पाटी आजही ह्याच ५१२ च्या मर्यादेत बसते. इंग्रजीला २६ लहान, २६ मोठी, आकडे, चिन्हं. शंभरात भागतं. उरलेल्या खणांत युरोपातल्या भाषा आरामात राहतात.

आणि मराठी? 'शिक्षक' हाच शब्द घ्या. आपण लिहितो तीन अक्षरं. पण यंत्राच्या पोटात तो सहा तुकड्यांत असतो: श, वेलांटी, क, पायमोडकं चिन्ह, ष, क. वेलांटी साठवायची श च्या नंतर आणि काढायची श च्या आधी. क, पायमोडकं आणि ष ह्या तिघांचा मिळून एक क्ष, जो तिघांपैकी कुणासारखाच दिसत नाही. हे एका खणात एक छाप अशा पद्धतीने होणारं कामच नव्हे. कुणीतरी तुकडे वाचून, विचार करून, मग चित्र काढावं लागतं. इंग्रजी छापली की झाली, मराठी काढावी लागते. म्हणून इंग्रजीला पाटी पुरते आणि आपल्याला चित्रांच्या पडद्यावाचून गत्यंतर नाही. चित्रांचा पडदा काळा झाला तर इंग्रजी माणसाचं काम अडतं, आपली लिपीच जाते.

खण कमी आणि अक्षरं फार हे दुखणं कॉम्प्युटरच्या आधीचं आहे. छापखान्यात खिळ्यांच्या पेट्या भरून भिंती अडायच्या. टंकलेखन यंत्रावर तर पन्नासेक कळांत सगळी मराठी कोंबायची, म्हणून अर्धी अक्षरं वेगळी आणि काने वेगळे. सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ केली त्यामागे हेही कारण होतं. इ, उ, ए ही वेगळी अक्षरं नकोत, अ लाच वेलांटी-उकार-मात्रा द्या म्हणजे खिळे कमी लागतील. 'किर्लोस्कर' मासिक काही वर्षं तसं छापलं जाई. माझ्या माहेरी जुने अंक होते, त्यांत 'आई' च्या जागी 'आअी' वाचून लहानपणी आम्ही खिदळत असू. यंत्राला लिपी जमत नाही तर लिपीने अंग चोरावं, असा तो मार्ग. सावरकरांचा हेतू चांगला होता ह्यात शंका नाही, पण तो रस्ता पुढे चालला नाही ह्याचं मला वाईट वाटत नाही.

उलटा मार्ग पुण्यात पक्का झाला, ह्याचा मात्र मला पुणे जिल्ह्याची म्हणून अभिमान आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. लोकांना ठाऊक आहे तो विजय भटकरांचा 'परम' महासंगणक, १९९१ सालचा. वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले, शाळेत आम्ही ते फळ्याशेजारी चिकटवले. पण त्याच संस्थेत एक कमी गाजावाजाचं काम चाललं होतं, त्याचं नाव जिस्ट. सुरुवात कानपूरच्या आयआयटीत ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला झाली आणि तिथे त्यावर काम केलेले मोहन तांबे ते घेऊन सी-डॅकमध्ये आले. जिस्ट कार्ड ही एक पट्टी होती, ती कॉम्प्युटरच्या आत खोचायची. यंत्र आपल्या इंग्रजी समजुतीने अक्षरं पडद्याकडे पाठवी, ही पट्टी मध्येच ती पकडून वाचे, वेलांटी कुठे, जोडाक्षर कुठलं ते ठरवी आणि देवनागरी चित्र काढून पडद्यावर देई. वरच्या प्रोग्रामला पत्ताच नसे की आपण मराठीत बोलतोय.

१९९५ च्या सुमारास शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मी ते पाहिलं. काळ्या पडद्यावर हिरवट अक्षरांत 'महाराष्ट्र' उमटलं. ष्ट्र सकट! आम्ही पंधरा-वीस मास्तर-मास्तरणी खुर्च्या सोडून त्या एका यंत्राभोवती जमलो. तेव्हा मला त्यामागचं काही कळलं नव्हतं, नुसतं छान वाटलं होतं.

त्यामागचं आज कळतं ते असं. जिस्टवाल्यांनी साठवण वेगळी आणि दाखवण वेगळी केली. साठवायचा तो उच्चार, दाखवायचा तो आकार. १९८८ साली त्यासाठी 'इस्की' हे मानक आलं आणि १९९१ साली ते भारतीय मानक म्हणून पक्कं झालं. त्यात २५६ खणांपैकी खालचे १२८ इंग्रजीला जसेच्या तसे आणि वरचे आपल्या लिप्यांना. क, ख, ग हा वर्णमालेचा क्रम सगळ्या भारतीय लिप्यांत जवळजवळ एकच, म्हणून एकाच साच्यात देवनागरी, बंगाली, तमिळ सगळ्या बसल्या. पाणिनीला आनंद झाला असता. त्याच १९९१ साली जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी युनिकोड आलं, त्यातला देवनागरीचा १२८ जागांचा विभाग इस्कीच्याच धर्तीवर आखलेला आहे. आज मी हे जे लिहितेय ते त्याच खणांतून येतंय.

आणखी एक बारीकशी गोष्ट, पण आम्हा भोरकरांच्या जिव्हाळ्याची. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. आमच्याकडे दर्या नाही, दऱ्या ढिगाने आहेत. हिंदीला हा फरक लागत नाही, मराठीला लागतो. इस्कीत त्यासाठी ऱ हे वेगळं अक्षर वापरण्याची सोय होती आणि तीच पुढे युनिकोडमध्ये आली. नसती तर रायरेश्वराच्या दऱ्यांत जहाजं चालली असती.

मध्ये मात्र दहा-पंधरा वर्षांचा एक विचित्र काळ गेला. विंडोज आलं, चित्रांचा पडदा आला, तेव्हा जिस्टची पट्टी मागे पडली आणि बाजारात मराठी फॉन्टांचा सुळसुळाट झाला. ते दिसायला सुरेख, पण बहुतेकांत साठवण इंग्रजी अक्षरांचीच. इंग्रजी अक्षराच्या खणात क चं चित्र बसवायचं, म्हणजे पडद्यावर मराठी आणि पोटात इंग्रजीची खिचडी. फॉन्ट गेला की कागद गेला. दुसऱ्या यंत्रावर उघडलं की अगम्य इंग्रजी. विंडोज २००० मध्ये सुलेखनकार र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' आला, तिथून युनिकोडची मराठी घराघरांत पोचायला लागली. लिनक्सवर हे काम आणखी हळूहळू झालं. २००० च्या आसपास इंडलिनक्स नावाने काही मंडळी एकत्र आली, २००४ मध्ये 'लोहित' फॉन्ट खुले झाले, आणि कित्येक जणांनी रात्री जागून 'फाइल', 'जतन करा', 'रद्द करा' असे शब्द मराठीत घातले. माझ्या पडद्यावरच्या मराठी फोल्डरांमागे हे सगळे लोक आहेत.

असो. फार लांब गेले. जिन्याखाली मी चौकोन बघत बसले होते.

भाचा म्हणाला, "मामांच्या मोबाईलवर लाव बघू आजीची ओवी."

हे मला सुचलंच नव्हतं! ह्यांनी मोबाईल काढला. यादीत सगळी नावं स्वच्छ मराठीत. 'माहेरच्या ओव्या' दाबलं. आधी जात्याची घरघर आली, मग सासूबाई. म्हणजे काळा पडदा, चौकोनांची पाटी, आणि ह्यांच्या हातात सासूबाईंचा आवाज, तिन्ही एकाच वेळी, एकाच यंत्रातून. साठवण जागच्या जागी होती. वाढपी आजारी, चूल पेटलेली. ह्यांनी पुढची दहा मिनिटं मोबाईल परत दिला नाही. आईचा आवाज होता त्यांच्या.

मग चित्र का येत नाही? भाच्याने एक आज्ञा लिहायला सांगितली: डी, एफ, जागा सोडून आडवी रेघ आणि एच. ही डिस्कची शिल्लक सांगते. उत्तरात मुख्य डिस्कसमोर लिहिलं होतं १०० टक्के. डिस्क काठोकाठ भरली होती. चित्र काढणाऱ्या प्रोग्रामला सुरू होताना दोन-चार बारीक नोंदी डिस्कवर लिहाव्या लागतात, त्यालाही जागा नाही, म्हणून तो उठायचा आणि पडायचा. पाटी कशी चालली मग? तिला चित्र काढायचं नसतं, तिचं थोडक्यात भागतं. शिवाय डिस्कची साधारण ५ टक्के जागा यंत्राच्या मालकासाठी, 'रूट' साठी, राखून ठेवलेली असते. आपल्याकडे बायका डब्यात एक नोट बाजूला ठेवतात तसं. अडीअडचणीला त्यातून दुरुस्ती करता येते.

आणि भरली कशाने? तर सुरक्षेनेच! रोज रात्री सगळ्या ओव्यांची नक्कल बाहेरच्या दुसऱ्या डिस्कवर करायची अशी व्यवस्था भाच्याने लावली होती. मागच्या खेपेला लाईट जाऊन आली तेव्हा ती बाहेरची डिस्क यंत्राने ओळखलीच नाही. पण तिच्या नावाचं रिकामं फोल्डर आत होतंच. नक्कल करणाऱ्याने इमानेइतबारे सगळं त्या फोल्डरात ओतलं, म्हणजे त्याच डिस्कवर. बँकेत ठेव ठेवायला निघालेल्या माणसाने आपल्याच दुसऱ्या खिशात पैसे ठेवावेत तसं.

आता ती खोटी नक्कल पुसायची. इथे माझा हात थरथरला, खोटं कशाला सांगू. पुसायची आज्ञा 'आर एम' अशी दोन अक्षरी आहे आणि पाटीवर ती 'नक्की का?' असं विचारत नाही. फोल्डराचं नाव बाहेरच्या डिस्कचंच. ती डिस्क जर जोडलेली असेल तर खरी नक्कल पुसली जाईल. पाटीवर सगळे चौकोन, वाचून खात्री करता येत नाही. भाचा म्हणाला, "बाहेरची डिस्क काढ आणि हातात धर. मग लिही." म्हणून मी डिस्कची वायर काढली, डिस्क मांडीवर ठेवली, वरून पदर घेतला (का, ते विचारू नका) आणि डाव्या हाताने ती धरून उजव्या हाताने एकेक अक्षर दाबलं. त्याने तीनदा वाचून दाखवायला लावलं. मग एंटर.

पुन्हा डी, एफ. ५२ टक्के. यंत्र बंद करून चालू केलं. कंपनीचं नाव, इंग्रजी ओळी, क्षणभर काळोख, आणि जास्वंद.

ह्या सगळ्याला पाऊण तास लागला असेल. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचं कारण ओव्या नव्हत्या.

२००२ साली, मी नोकरीत असताना, एका शाळेच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं. माजी विद्यार्थ्यांकडून आठवणी मागवल्या होत्या. त्यांत काही सत्तरी-ऐंशीतले होते, संस्थानी काळात भोरला शिकलेले. पंत सचिवांचं राज्य, १९४८ सालचं विलीनीकरण, शाळेत झेंडा पहिल्यांदा चढला तो दिवस, असं बरंच त्यांनी लिहिलं होतं, काहींनी सांगून लिहून घेतलं होतं. ते मी रात्री बसून शाळेच्या कॉम्प्युटरवर टाइप केलं. एके दिवशी सकाळी पडदा काळा. दुरुस्तीला माणूस आला, त्याने पाहिलं, म्हणाला, "बाई, गेला हा. फॉरमॅट मारावा लागेल." मी मारू दिला. कागद रद्दीत गेले होते, कारण "आता कॉम्प्युटरवर आहे ना" असं मीच म्हटलं होतं. स्मरणिका निघाली, फोटो आणि जाहिराती पुष्कळ होत्या. आठवणींची चार पानं मी जमेल तशी स्मरणातून लिहिली.

तो पडदा कशाने काळा झाला होता ते आता सांगता येणार नाही. ते विंडोज होतं, यंत्र वेगळं, कारण वेगळं असू शकेल. डिस्क खरंच गेलेली असेल. पण आत सगळं शाबूत असेल आणि नुसतं तोंड दिसत नसेल, अशीही शक्यता होतीच, आणि ती कुणी तपासली नाही. त्या माणसाला मी दोष देत नाही, त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि मला विचारायचं सुचलं नव्हतं. त्या लिहिणाऱ्यांपैकी आज कुणी हयात नाही.

भाच्याने पुढच्या रविवारी येऊन व्यवस्था बदलली. बाहेरची डिस्क खरोखर जोडलेली असेल तरच नक्कल होईल, नाहीतर त्याला मोबाईलवर निरोप जाईल. एक प्रत तो स्वतःच्या घरीही घेऊन गेला. मी माझ्या वहीत सगळं लिहून ठेवलं आहे: कंट्रोल-ऑल्ट-एफ दोन, डी एफ, आणि लाल शाईने, 'आर एम च्या आधी डिस्क मांडीवर'. हे म्हणतात वही सर्व्हरशेजारीच ठेव, अंधारात सापडली पाहिजे.

आणि वन्सं, तुम्ही हे वाचत असाल तर, १७ नंबरच्या कॅसेटमध्ये तुमचं नाव आहे. लेकीच्या ओव्या आहेत, मधे भांडं पडल्याचा आवाज येतो त्याच्या जरा पुढे. गौरीला याल तेव्हा ऐकवते.